बाराव्या चित्रातलं पिल्लू

सासूबाई : पण याचं नाक कुठे आहे? एवढं मोठं धूड काढलंस आणि नाकच विसरलीस!

सून : विसरले नाही, आई. लागतच नाही त्याला. ते राहतं त्या ग्रहावर हवाच नाही.

सासूबाई : हवा नाही म्हणजे? खिडक्या बंद केल्यावर कोंदटतं, तसं?

सून : कोंदटायलासुद्धा हवा लागते. तिथे कणभरही नाही. उन्हात जमीन भाजून काढते, सावलीत पाऊल पडलं की गोठायला होतं. आकाश भर दुपारी काळंकुट्ट.

सासूबाई : अशा ठिकाणी कुणाला मरायला जायचंय?

सून : तिथे कोण जगेल, तेच काढायचंय. मुलांचं पुस्तक आहे, बारा चित्रांचं. प्रकाशकांचा माणूस चार वाजता न्यायला येतोय.

सासूबाई : म्हणजे अर्ध्या तासात. आणि तू अजून जेवली नाहीस. बरं, हे तरी जेवतं का? तोंडही दिसत नाही.

सून : पाठीवरचे हे पापुद्रे आहेत ना, त्यांनी ऊन खातं. कातडी चामड्याहून जाड, आतलं पाणी धरून ठेवणारी. नाहीतर पाणी उकळून उडून जाईल.

सासूबाई : तोंड नाही म्हणजे बडबडही नाही. माझा मुलगा सुखी होईल तिथे.

सून : बोललं तरी ऐकू जाणार नाही. हवेशिवाय आवाज पोचत नाही.

सासूबाई : अगंबाई. मग एकमेकांना हाक कशी मारायची?

सून : पाय आपटून. जमीन थरथरते आणि दुसऱ्याच्या पोटाला कळतं. पोट टेकून बसलं की लांबचंही कळतं. हे बघा, पाचव्या चित्रात दोघं बसलेत.

सासूबाई : आपल्यापेक्षा बरे म्हणायचे. या घरात आठ महिन्यांत कुणी पायसुद्धा आपटला नाही.

सून : (पाचवं चित्र गठ्ठ्यात परत ठेवते.)

सासूबाई : आणि हा कागद कोराच? तीन आठवडे केर काढताना बघतेय मी.

सून : ते बारावं. पिल्लाचं. जमत नाहीये.

सासूबाई : मग मला नाही का विचारायचं? तीस वर्षं प्रसूतिगृहात नर्स होते. निम्म्या गावाला मी उघडं बघितलंय!

सून : मग सांगा. मूल बाहेर आलं की पहिलं काय बघायचात?

सासूबाई : रडतंय का ते. रडलं की छाती भरते, अंग गुलाबी होतं, आम्ही सुटलो म्हणायचो. नाही रडलं तर तोंडचं पाणी पळायचं. पाठ चोळा, तळव्यांवर टिचक्या मारा...

सून : तिथे कुणीच रडत नाही. श्वास घ्यायचाच नसतो, तर रडणार कसं? कुणी घाबरत नाही, कुणी धावपळ करत नाही. पिल्लू गप्प जन्मतं. आईच्या पोटाशी ठेवतात आणि ते जगतं.

सासूबाई : म्हणून घेतलंस होय हे काम?

सून : हो.

सासूबाई : अगं पोरी...

सून : आमची तिथे जन्मली असती तर जगली असती. रोज इथे बसून हेच मनात येतं.

सासूबाई : नको गं उगाच उकरून काढूस. खपली धरू दे.

सून : कशावर धरणार? तुम्ही आत होतात, आई. निवृत्त झालेल्या, तरी ओळखीनं आत आलात. मी बघत होते. तुम्ही तिला दुपट्यात गुंडाळलंत आणि माझ्याकडे पाठ केलीत.

सासूबाई : केली. मीच सांगितलं सगळ्यांना, हिला दाखवू नका.

सून : का?

सासूबाई : आमची रीतच होती ती. श्वास लागला नाही तर मुलाचं तोंड आईला दाखवायचं नाही. बघितलं नाही की लवकर विसरते, असं आमच्या मोठ्या नर्सबाईंनी शिकवलं होतं. तीस वर्षं मी तेच केलं. भलं करतेय असं वाटायचं.

सून : किती जणी विसरल्या?

सासूबाई : ...कुणाच्या घरी जाऊन विचारलं नाही मी.

सून : मला विसरायलाही काही नाही. नाक नसलेलं काढलं, तोंड नसलेलं काढलं. पिल्लू काढायला बसले की हात थांबतो. मला तिचा चेहरा माहीत नाही, आई. मला तो हवाय. दुसरं काही नको.

सासूबाई : चुकले गं मी. माझं...

सून : ते नंतर. आधी सांगा.

सासूबाई : सोसेल तुला?

सून : आठ महिने काय करतेय मग?

(सासूबाई खुर्ची ओढून सुनेच्या शेजारी बसतात.)

सासूबाई : जावळ होतं. दाट, ओलं, मानेपर्यंत आलेलं. कपाळ बापावर गेलेलं, रुंद. हनुवटी तुझी. भुवया म्हणशील तर नुसत्या दोन रेघा.

सून : आणि?

सासूबाई : डावा कान वरून दुमडलेला होता. मी बोटानं सरळ केला, तर परत दुमडला. परत केला सरळ.

सून : तुम्ही किती वेळ घेतलं होतंत तिला?

सासूबाई : घड्याळ नाही बघितलं. नर्सला दोनदा मागावं लागलं. दुसऱ्यांदा तिनं माझे हात धरून सोडवले.

सून : तुम्ही रडलात?

सासूबाई : घरी येऊन. नळ सोडून. तुला ऐकू जाऊ नये म्हणून.

सून : मला यायला हवं होतं ऐकू.

सासूबाई : बेल वाजली बघ. तो माणूस आला वाटतं. काय सांगू त्याला?

सून : आज अकराच न्या म्हणावं. बारावं आठवड्यानं देते.

सासूबाई : आणि हे काढायला घेतलंस ते? याला तर कान आहेत. तिथे आवाजच पोचत नाही म्हणालीस.

सून : हे पुस्तकासाठी नाही. डावा म्हणालात ना? इथून दुमडलेला?

सासूबाई : जरा वरून. थांब, त्याला वाटेला लावून येते. मग पेन्सिल माझ्या हातात दे, मी दाखवते.