तीन नंबरची वायर

प्रशिक : नंबर बरोबर हाईत, भावकूआण्णा. एक एकाला, दोन दोनाला, तीन तिनाला. प्लगच्या वायरी तुम्ही उलटसुलट घातल्या न्हाईसा.

भावकू : नीट बघ. माझं मन राखायला बोलू नकोस.

प्रशिक : दोनदा बघितलं. पण इंजनचं मिसिंग, हे ठोके चुकणं, नव्या वायरी घातल्यावरच सुरू झालं म्हणता न्हवं?

भावकू : त्याच दिवशी. सकाळी मीच घातल्या, दुपारी बुवांना घेऊन बोरगावातनं निघालो. पिरनवाडीला सप्त्याचं कीर्तन होतं. इथं निपाणीपर्यंत गाडी लोण्यावाणी आली. तवंदीच्या चढाला लागली आणि धक्के मारायला लागली.

प्रशिक : पुढचं सांगू नका. मला ठाऊक हाय. बुवांना जाऊन आज कितवा दिवस?

भावकू : नववा.

प्रशिक : मग आज गॅरेजात कशाला आलासा? दहावं-बारावं होऊ दे की. ही जुनी ओम्नी कुठं पळून जाणार हाय?

भावकू : उद्या दहाव्याला बुवांची बायको जयाआक्का विचारणार. नऊ दिवस त्या माउलीनं एका शब्दानं विचारलं न्हाय. ती मागनं आली तवा संकेश्वरचा डॉक्टर तिच्यासमोरच म्हणला, अर्धा तास आधी आणायला पायजे होतं. त्यो अर्धा तास कुणी खाल्ला? गाडीच्या म्हातारपणानं का माझ्या हातानं? चाळीस वर्षं बुवांच्या मागं पेटी धरली रं मी. एवढं मला कळू दे.

प्रशिक : बरं. मघाशी फटीतनं बघितलं, आता डावी सीट पुरी उचलतो. इंजन तिच्याच खाली हाय.

भावकू : ती बुवांची जागा.

प्रशिक : शाल हाय इथं त्येंची.

भावकू : दे इकडं. खाली ठेवू नकोस, ग्रीस लागंल.

प्रशिक : आता चावी मारा... हां. ऐकू येतंय? तीन सिलिंडर, आणि एक काम करंना झालंय.

भावकू : बुवा हेच म्हणले. चढाला गाडी आचके द्यायला लागली तवा हसून म्हणले, "भावकू, तीन टाळकरी घेतलाईस, त्यातला एक पेंगतोय बघ."

प्रशिक : आता एकेक वायर उपसतो. उपसल्यावर आवाज पडला, म्हणजे त्यो कामाला हाय. एक नंबर... पडला. परत बसवतो. दोन नंबर... पडला. आता तीन.

भावकू : काहीच फरक न्हाय.

प्रशिक : न्हाय. वायर असून नसल्यासारखी. बंद करा. प्लग खोलतो.

भावकू : काय दिसतंय?

प्रशिक : ...प्लग जुना झालाय. त्याचंच कारण. वायरीचा दोष न्हाय, आण्णा. तुमचा तर न्हायच न्हाय.

भावकू : मग वायरीची टोपी मुठीत का धरलीयास?

प्रशिक : असंच.

भावकू : प्रशिक, दाखव.

प्रशिक : आण्णा, प्लगच—

भावकू : मूठ उघड.

प्रशिक : ...आत लाल हाय. वाळून खपली बसलीया. आणि ही बघा काळी रेघ, प्लगच्या पांढऱ्यावर. करंट आत जायच्या ऐवजी ह्या वाटेनं बाहेर पळालाय. सपाटीला कळणार न्हाय, चढाला जोर लागला की पळणार. काय हाय हे लाल?

भावकू : कुंकू.

प्रशिक : वायरीच्या टोपीत?

भावकू : पूजा केलती. वीणेला नवी तार चढवायची असली तरी बुवा आधी देव्हाऱ्यापुढं ठेवायचे, हळदकुंकू वाहायचे. मृदंगाची कातडी पानं बदलली तरी तसंच. म्हणायचे, जे आपल्याला वाहून न्हेतं त्याला आधी नमस्कार. मी म्हणलं, ह्या वायरीच तर बुवांना गावोगाव न्हेणार. ताटात मांडल्या, तीर्थ शिंपडलं, एकेकीच्या तोंडाला ओलं कुंकू लावलं. तिसरीला जरा जास्तच लागलं असंल.

प्रशिक : पुसलं न्हाई घालताना?

भावकू : देवाचं कुंकू पुसायचं कसं?

प्रशिक : आमच्या घरात पूजा न्हाय, त्यामुळं मला सुचलंच न्हाय बघा हे. मी टोपीत तेल गळालंय का ते बघत होतो.

भावकू : बोल की शिव्या.

प्रशिक : शिव्या कशाला देऊ? आमचं आबा बोरगावला सायकलनं यायचं बुवांचं ऐकायला. चपलांपाशी उभं ऱ्हायचं. बुवांनी एकदा कीर्तन थांबवून पुढं बोलावलं त्येंना.

भावकू : मला आठवतंय. मी पेटीवर होतो.

प्रशिक : आबा पुढं गेलं न्हाईत. पण मरस्तवर घरात सांगत होतं, बोलावलं म्हणून.

भावकू : प्रशिक, कुंकू आक्काच्या करंड्यातलं होतं. माझ्या घरातलं संपलं होतं, म्हणून मागून आणलं. तिनं करंडाच हातात दिला. म्हणली, "लाव सगळ्यांस्नी, गाडी नीट जाऊ दे तुमची."

प्रशिक : हे उद्या तिथं बोलू नका.

भावकू : विचारलं तर?

प्रशिक : पाणी गेलतं म्हणा टोपीत. खोटं बी न्हाय ते. तीर्थ म्हणजे पाणीच की.

भावकू : अर्धा सूर लावायला मला कुणी शिकवलं न्हाय.

प्रशिक : मग पुरा लावा! आणि त्या बाईनं त्या करंड्याकडं उरल्या जन्मात कसं बघायचं ते बी तुम्हीच शिकवा. तुमचं मन हलकं व्हायला तिच्या डोक्यावर का ठेवताय?

भावकू : ...पाणी म्हणतो.

प्रशिक : म्हणा. मी नवा प्लग घालतो. ही वायर बी बदलतो. तुम्ही हात लावू नका. म्हणजे... तसं न्हवं, आण्णा.

भावकू : बरोबर बोललास. न्हाय लावत.

प्रशिक : मागं का फिरला न्हाईसा त्या दिवशी? निपाणी जवळ होती.

भावकू : छातीत जड वाटतंय म्हणले तवा चढाच्या मधी होतो. मधी दुभाजक, मागं ट्रकांची रांग. पहिल्या गिअरवर गाडी मुंगीवाणी सरकत होती. बुवा म्हणले, "तू घाबरू नकोस. त्या पेंगणाऱ्याचा चुकलेला ठोका मी भरतो." आणि समोरच्या पत्र्यावर बोट वाजवायला लागले. गाडी एक मात्रा सोडायची, तिथं त्येंचं बोट पडायचं. नेमकं. छातीत कळ, आणि हात लयीत. मला वाटलं, एवढी लय हाय तर बुवा बरे हाईत.

प्रशिक : मग?

भावकू : माझं सगळं ध्यान इंजनकडं. घाट चढून आलो, जरा वेग आला, म्हणलं सुटलो. तवा कळलं, बोट कधीचंच थांबलंय. कुठल्या वळणावर थांबलं, ते अजून आठवंना मला. रोज पहाटं उठून मनात घाट चढतो. न्हाय सापडत ते वळण.

प्रशिक : चावी मारा, आण्णा.

(इंजिन सुरू होते. आवाज एकसारखा, कुठेही न अडखळता.)

प्रशिक : ऐका. तिन्ही जागं झालं. आता कुठला बी चढ द्या.

भावकू : बंद करतो.

प्रशिक : का? आता एक बी ठोका चुकत न्हाय.

भावकू : म्हणूनच. आता त्येंच्या बोटाला जागा ऱ्हायली न्हाय.