नको म्हणणारा सदर

नाही पण मले एक सांगा, माणसानं 'नको' म्हटलं तर त्याचा अर्थ काय होते? नकोच होते ना? मंग माह्याच बाबतीत उलटं काहून होते? मी जफर, महागावच्या स्टँडमागं मोटार वाइंडिंगचं दुकान... विहिरीवरची मोटार जळली का लोक माह्याकडं येतात, तांब्याची तार हातात घेतली का माहं डोकं कसं थंड होते, बस, एवढीच माही दुनिया! राजकारण? मनापासून नको म्हटलं हो मी!

पण आमच्या पार्टीचा दस्तूर असा, का जो पद मागन त्याले पद द्याचं नाही. मजहबी पार्टी आहे आमची, बुजुर्गांची. ते म्हणतात, मागणाऱ्याच्या मनात लालच असते. चांगली गोष्ट आहे! पण मंग द्याचं कोणाले? जो नाही म्हणते त्याले! म्हणून मिटिंगमध्ये सारे माना खाली घालून बसतात. आन् मी? मी तं चहा प्याले गेलतो म्हणा ना... मले मोहल्ल्याचा सचिव कराले निघाले, तं मी उठून ओरडलो, "मले नको, दुकान आहे माहं!" झालं! आमचे हाफिजसाब, ऐंशी वर्षांचे, काठी आपटून म्हणतात, "सुब्हानल्लाह! देखो, दुनिया का लालच नहीं इस आदमी को!" झालो सचिव.

मंग तालुक्याचा सदर, म्हंजे अध्यक्ष, निवडाची वेळ आली. म्हटलं, तारिकभाईले करा ना! कापडवाले तारिकभाई, दोन वर्षांपासून शेरवानी शिवून ठेवली बिचाऱ्यानं, पण दस्तुरापायी तोंड उघडता येत नाही त्याले... हाफिजसाब म्हणतात, "वाह! अपने से पहले दूसरे का नाम!" मी सदर. तारिकभाई आजही मले सलाम करते, पण दात खाऊन. राजीनामा दिला तुम्हाले सांगतो, तं तो फ्रेम करून दफ्तरात टांगला, का पाहा, असा असते सच्चा माणूस! मनापासून नको म्हटलं हो मी!

इकडं शटर बंद. हरभऱ्याले पाणी द्याचे दिवस, लोक जळलेल्या मोटारी घेऊन दारात उभे, आन् मी कुठं? तं फुलसावंगीत, भाषणाले! जीव तुटते हो माहा. एक दिवस हजराबी, माही बायको, भाकरी थापता थापता म्हणते, "नको म्हटलं का देतात, तं मागून पाहा ना एक डाव! मागणाऱ्याले देत नाहीत ना?"

काय डोकं बाईचं! नगरपंचायतीच्या तिकिटाची मिटिंग होती. उभा राह्यलो, छाती ठोकली, "तिकीट मलेच पाह्यजे! खुर्चीचा भुकेला आहे मी!" तारिकभाईचा चेहरा असा खुलला म्हणता! मले वाटलं, सुटलो. तं हाफिजसाब रडाले लागले हो! "अरे, पद टालने के लिए इसने अपनी बदनामी तक कर ली! इससे बड़ा बेगरज कौन?" तिकीट माह्या हातात. मनापासून नको... नाही, या वक्ती तं मनापासून मागतलं होतं, तरी तेच!

आता एकच आशा राह्यली, पडाची. समोर एकटेच उभे, वकील कमलाकरराव. गेलो त्यांच्या घरी, हात जोडले, "साहेब, काही करा पण तुम्हीच निवडून या, तुमचे बॅनर मी सोता बांधतो!" वकीलसाहेबांनी चष्मा काढून पुसला. म्हणतात, "जफरभाई, तीस वर्षं राजकारण केलं, असा विरोधक नाही पाहिला. तुमच्यासमोर उभं राहायची लाज वाटते मला." आन् माघारीच्या शेवटच्या दिवशी, तीनले पाच मिनिटं कमी असताना, त्या देवमाणसानं आपला अर्ज मागं घेतला!

बिनविरोध हो, बिनविरोध! लोक हार घेऊन दारात, हजराबी डोक्याले हात लावून आत... काही नाही, एवढंच म्हणतो, निवडणुकीत माणसाले निदान पडाची तरी सोय पाह्यजे का नाही?