ओबडाया कॅट्रन कुणाचा?

नोला: झेरॉक्स अर्धीच आहे, डेल. हे बघ. वरून सगळं नीट, आणि मधेच पान संपतं. खाली कोरा कागद ठेवून काढलीये. मला काय शेंबडं पोर समजते ती?

डेल: मिस नोला, मशीन खातं हो कधी कधी खालचा भाग. म्हातारं झालंय बिचारं.

नोला: आणि तुझं मशीन नेमकं आर्वेलाचंच पान खातं! बावीस वर्षं मी आपल्या जुन्या घराण्यांच्या मंडळाचे कागद तपासतेय, अठराशेच्या आधी इथे आलेल्यांचे वंशज कोण ते ठरवायला. नियम म्हणजे नियम. पुरावा म्हणून पान द्यायचं तर अख्खं द्यायचं. हिने काहीतरी लपवलंय, आणि मी ते आज काढणार. आण ते मूळ पुस्तक. काउंटी कोर्टाच्या हुकुमांचं, अठराशे नऊचं.

डेल: आणतो की. पण येत्या शनिवारच्या जेवणात त्यांना मानपत्र द्यायचं ठरलंय ना? चर्चच्या हॉलवर पाटीसुद्धा लागली. कोंबडी कोण तळणार, मक्याचे पाव कोण आणणार, सगळं ठरलं.

नोला: तळू देत कोंबड्या. माझी सही झाल्याशिवाय कसलं मानपत्र?

डेल: एक विचारू? रागावू नका. मला या दप्तरखान्यात नोकरीला लागून दीडच वर्ष झालंय. तुम्ही दोघी मूळच्या कॅट्रन, मला तर तुम्ही बहिणी वाटलात. तुमचं एवढं बिनसलं कशावरून?

नोला: बहिणी! आम्ही वरच्या ओढ्याचे कॅट्रन, ती खालच्या ओढ्याची. तिच्या आजाला दुसऱ्याच्या शेतात तंबाखू तोडताना माझ्या आईने पाहिलंय. पण नशीब बघ. चर्चमध्ये गायला मी आधी उभी राहिले, पुढे उभं केलं तिला. जत्रेत राणी कोण? ती. हॉबर्ट दोन वर्षं रोज मला घरापर्यंत सोडायला यायचा, आणि लग्न कुणाशी केलं? इंडियानापोलिसला गेली त्याला घेऊन. मी म्हटलं, सुटले. चाळीस वर्षं बरी गेली. आता आठ महिन्यांपूर्वी परत आली, विधवा होऊन, आणि तिसऱ्या दिवशी सगळा गाव तिच्या ओसरीवर! मला संधिवात झाला तेव्हा कुणी सूपसुद्धा आणलं नाही.

डेल: मी आणलं होतं.

नोला: खारट होतं.

डेल: म्हणजे तुम्ही जळता त्यांच्यावर.

नोला: जळते! सरळ सांगते, जळते. हॉबर्ट नेला, ठीक. गाव नेला, तेही ठीक. पण आता तिला माझा पूर्वज हवाय! मला नवरा नाही, पोर नाही, आहे तो हा एक मेलेला माणूस. कॅप्टन ओबडाया कॅट्रन. सतराशे सत्त्याऐंशीत डोंगर ओलांडून आला, आठशे एकर मोजून घेतली, इथल्या पहिल्या कोर्टात न्यायाधीश म्हणून बसला. दर मे महिन्यात, थडगी सजवायच्या दिवशी, त्याच्या थडग्यावरचं गवत मी उपटते. तीस वर्षं झाली. दर वर्षी जेवणात त्याच्यावर मी बोलते. आणि या शनिवारी ती उठून म्हणणार, 'कॅप्टन ओबडाया माझे पूर्वज.' पी हळद आणि हो गोरी! आठ महिन्यांत!

डेल: पण एका बापाला दोन मुलगे असू शकतात ना? तुमचा वंश जेसीपासून, त्यांचा रूबेनपासून. घ्या वाटून.

नोला: वाटून? मी आयुष्यभर वाटूनच घेतलंय, डेल. मोठा वाटा तिचा आणि उरलेला माझा. पुस्तक आण.

डेल: हे घ्या. सांभाळून, पाठ उसवलीये. पान एकशे बारा ना?

(दारावर टकटक होते.)

आर्वेला: डेल, आत आहेस ना? हॅम घालून पाव आणलेत, अजून गरम आहेत… अगं बाई! नोला!

नोला: पुस्तकांजवळ खाणं चालत नाही.

आर्वेला: बाहेर ठेवते. अगं, किती दिवसांनी! तुझा गुडघा कसा आहे? आणि हे… हे पुस्तक कशाला काढलंयस? मी झेरॉक्स दिलीये ना.

नोला: अर्धी दिलीयेस.

आर्वेला: जेवढी लागते तेवढी दिली. रूबेनची नोंद त्यात आहे, बाकीचं काय करायचंय?

नोला: काय करायचंय ते मी ठरवीन. डेल, वाच. माझा चष्मा धड नाही.

आर्वेला: नको वाचूस, डेल. नोला, ऐक माझं. मी अर्ज मागे घेते. नको मला मानपत्र.

नोला: बघ! चोराच्या मनात चांदणं! वाच, डेल, मोठ्याने.

डेल: हं. 'जून महिना, सोमवार, काउंटी कोर्ट. हजर न्यायाधीश, ओबडाया कॅट्रन आणि इतर दोन.' मग रस्त्याचं काहीतरी आहे… पूल… आणि इथे. 'सदर ओबडाया कॅट्रन यांनी समक्ष सांगितलं की त्यांची डुकरांची खूण आजपासून मुलगा रूबेन वापरील. खूण अशी, उजवा कान टोकाशी छाटलेला, डाव्या कानाला चीर.' हे डुकरांचं काय प्रकरण आहे? कोर्टाला दुसरी कामं नव्हती?

नोला: कुंपणं कुठे होती तेव्हा? डुकरं जंगलात मोकळी चरायची. कुठलं डुक्कर कुणाचं ते कानावरून ओळखायचे. खूण कोर्टात लिहून ठेवायची, आणि एकाची खूण दुसऱ्याला घेता यायची नाही. बापाची खूण मुलाकडे जायची, जमिनीसारखी. हा पुरावा पक्का असतो. मृत्युपत्र खोटं करतील, कौटुंबिक बायबलात मागून नावं घुसडतील, पण डुकराच्या कानाबद्दल कुणी खोटं बोलत नाही.

डेल: मग आर्वेलाबाईंचं बरोबर आहे. रूबेन कॅप्टनचाच.

नोला: … असेल. पुढे वाच. तिने लपवलेलं पुढे आहे.

आर्वेला: नोला, मी पाया पडते तुझ्या.

नोला: पड. वाच, डेल.

डेल: 'त्याच दिवशी. जेसी कॅट्रन…' अरे, हा तर तुमचा जेसी. 'जेसी कॅट्रन याने अर्ज केला की त्याचा बाप ओबडाया कॅट्रन, खालच्या ओढ्याचा, मयत…' मयत?

नोला: पुन्हा वाच.

डेल: 'मयत, याची खूण त्याच्या नावे व्हावी. डाव्या कानाला खालून खाच, उजव्याला बेचक्यासारखी चीर. मंजूर.' मिस नोला, रूबेनचा बाप तर त्याच दिवशी तिथेच बाकावर बसलेला होता. न्यायाधीश म्हणून.

नोला: ऐकलं मी.

डेल: म्हणजे एक ओबडाया जिवंत, आणि एक…

नोला: ऐकलं म्हटलं ना!

आर्वेला: बस नोला. डेल, पाणी आण.

नोला: पाणी नको. कर भरणाऱ्यांची ती जुनी यादी, सतराशे सत्त्याण्णवची. तिच्यात ओबडाया कॅट्रन दोनदा आहे, डेल. एकदा आठशे एकर, सहा घोडे. आणि दोन पानं सोडून पुन्हा, जमीन नाही, घोडा एक. मी म्हणायची, कर लिहिणारा प्यायलेला असेल, एकालाच दोनदा लिहिलं. प्रत्येक नवख्याला मी शिकवते की एका नावाचा माणूस दिसला की आधी त्याच नावाचा दुसरा शोधा. त्यांना शिकवते!

डेल: आणि जेसीच्या लग्नाच्या परवान्यावर बापाची फुली आहे, सही नाही. तुम्हीच मला दाखवली होती. तुम्ही म्हणालात, कॅप्टनचा उजवा हात लढाईत जायबंदी झाला होता.

आर्वेला: ते कुठे लिहिलंय, नोला?

नोला: कुठेच नाही. मला वाटलं, झाला असेल. बोल की. हस. तीस वर्षं मी तुझ्या खापरपणज्याचं गवत उपटलं. हस ना!

आर्वेला: मला नाही हसू येत. तुझ्या जेसीने कष्ट करून वरच्या ओढ्याला जमीन घेतली, आणि आमच्या रूबेनने बापाची होती नव्हती ती घालवली. एवढंच झालंय. फार जुनी गोष्ट आहे ती.

नोला: तुला कधी कळलं?

आर्वेला: तीन आठवड्यांपूर्वी. याच खुर्चीत बसले होते. वरची नोंद वाचून एवढा आनंद झाला म्हणून सांगू, आणि मग डोळे खाली गेले. दोन रात्री झोप नाही आली. अर्ज द्यावा की नाही? हॉबर्टची फार इच्छा होती, माझं घराणं कुठलं ते शोधावं म्हणून, त्याच्यासाठी दिला. पण तुझं कुणाला कळू नये म्हणून खाली कागद ठेवला.

नोला: माझ्यासाठी.

आर्वेला: हो, तुझ्यासाठी. अजूनही ऐक. तू अर्ध्या पानावर सही कर. नाहीतर नको करूस, मी सांगेन कागद अपुरे होते. डेल काही बोलणार नाही. बोलशील का रे?

डेल: मी? मी तर पाव खायला बाहेर गेलो होतो.

आर्वेला: बघ. कॅप्टन ठेव तुझ्याकडे. मला काय करायचाय? खरंच ठेव.

नोला: वा! वा, आर्वेला! किती मोठं मन! गाणं तुझं, राणी तू, हॉबर्ट तुझा, आणि आता मोठेपणाही तुझाच! मी खोटारडी राहू, आणि तू मनातल्या मनात दर वर्षी जेवणात माझ्यावर उपकार करत बस. दर मे महिन्यात मी थडग्यावर वाकले की तू फाटकाशी उभी राहून म्हणणार, बिचारी. नाही बाई! ते मी मरेपर्यंत होऊ देणार नाही!

आर्वेला: अगं, मी कधी…

नोला: गप्प बस. डेल, या पानाची झेरॉक्स काढ. अख्ख्या. खालची ओळ दिसली नाही तर मशीनसकट तुला बाहेर काढीन.

डेल: काढतो. पण मिस नोला, एक सांगू का? तुमचं मानपत्र कुठे जात नाही. तो एकच घोडा असलेलाही सतराशे सत्त्याण्णवच्या यादीत आहेच की. अठराशेच्या आधीचा. नियमात बसतो.

नोला: मानपत्राला काय चुलीत घालू? माणूस गेला ना माझा.

आर्वेला: नोला…

नोला: हात नको लावूस मला. पेन दे. तुझं दे, माझं चालत नाहीये. आर्वेला कॅट्रन, कॅप्टन ओबडाया कॅट्रन यांची वंशज, कागद तपासले, बरोबर. नोला कॅट्रन. झालं. आणि शनिवारी तू काही बोलायचं नाहीस, मी बोलणार. मी उठून सांगणार की बावीस वर्षं मी चुकीच्या माणसावर भाषण केलं. तुझं ऐकून कुणी मला सांभाळून घेतलेलं मला चालणार नाही.

आर्वेला: सगळे हसतील तुला.

नोला: हसू देत. पण तेव्हा सगळे माझ्याकडे बघतील, तुझ्याकडे नाही. एक संध्याकाळ तरी.

आर्वेला: तू लहानपणापासून अशीच आहेस. तुझी मला भीती वाटायची, माहितीये? गाताना मी तुझ्याकडे बघायची नाही. तू नुसती बसलेली असलीस तरी माझा सूर चुकायचा.

नोला: चुकायचाच. मला ऐकू यायचं, इतरांना नाही.

डेल: ही घ्या, अख्खं पान. आता पुस्तक ठेवून देऊ?

नोला: थांब. ती कराची यादी आण. आणि त्या सालापासून पुढची सगळी. तो दुसरा, एक घोडा असलेला. तो आला कधी, मेला कशाने, बायको कोण, पुरलाय कुठे, कुणाला काही माहीत नाही. खालच्या ओढ्याला कुठेतरी असेल. त्याच्या थडग्यावर तर झाडं वाढली असतील आता.

डेल: आज? साडेतीन वाजलेत. पाचला कुलूप लावायचं असतं.

नोला: मग बडबडू नकोस, आण.

आर्वेला: खालच्या ओढ्याची सगळी वळणं मला पाठ आहेत. तिथेच वाढले मी. जुनी थडगी कुठे कुठे आहेत तेही ठाऊक आहे. नोला, मी बसू का शेजारी? दोघींनी बघितलं तर लवकर सापडेल. नको असेल तर जाते.

नोला: बस. पण पानं मी उलटणार.