हात बरा झाला, हेच दुखनं

...आता ह्या डॉक्टरनीले काय म्हनाव सांगा! प्लास्टर काढलं अन् कशी हासून म्हने, "आजी, हाड जुळलं, हात बरा झाला!" अवं बाई, हात बरा झाला, हेच तं दुखनं हाय माझं! बसा, बसा, सरका थोडं, तुमचा नंबर यायले लई टाइम हाय. तुमाले सांगते...

मी गीताबाई, सुलतानपूरची. वांग्याले पानी देता देता पान्याच्या दांडात पाय घसरला अन् उजव्या मनगटाचं हाड काडकन! दीड महिना प्लास्टर. अन् खोटं वाटन तुमाले, पन मालक गेल्यापासून एवढं सुख मले नव्हतं! आमच्या इकडे मानूस पडलं का भेटाले जाच लागते, न गेलं तं गाव नाव ठेवते. बांधावरून दहा वर्सं तोंड फिरवनारी सोजराबाई, ते बी बिस्किटाचा पुडा घेऊन आली! पोरगा हर्षल पुन्याहून रोज व्हिडिओवाला फोन करे, "आई, हात दाखव!" हात दाखव म्हने, तोंड नाही! अन् शेजारची वंदना... रोज सकाळी येऊन माझी वेनी घाले. केस ते किती, उंदराच्या शेपटीएवढे, पन पोरगी हळूहळू फनी फिरवे, बोलत राहे... माझ्या डोक्यावरून हात फिरवाले दुसरं कोन होतं हो?

मंग प्लास्टर निघालं. "झोळी काढा, हात वापरा," म्हने. काढली ना! अन् गाव यायच्या आधी एसटीतच पुन्हा गळ्यात घातली. बाया विचारत, "काऊन वं मावशी, अजून?" "हाव ना बाई, कच्चं हाय म्हने." असे दोन महिने काढले! हसू नका, तुमी बी काढले असते.

हर्षल म्हने, "आई, एवढे दिवस कसं दुखते? पुन्हा दाखव." आली इथं, मेहकरले. श्रद्धा डॉक्टरनीनं फोटो उजेडात धरला, कपाळाले आठ्या. "आजी, जुळलेलं हाड पातळ कसं झालं? हात वापरताय ना?" म्या झोळीवर पदर ओढला. मंग तिनं शाळाच घेतली माझी! "हाड म्हणजे वाळलेलं लाकूड नाही, आजी. आत जिवंत पेशी असतात. काही बांधणाऱ्या, गवंड्यासारख्या. काही जुनं हाड विरघळवून खाणाऱ्या, त्या आकाराने मोठ्या." म्हटलं, खानारे मोठेच असतात, हे का मले मालूम नाही? "दोन्ही लागतात आजी, जुनं काढल्याशिवाय नवं बसवणार कुठे?" बरं. अन् काम सरल्यावर गवंडी कुठं जातात? "बरेच मरतात, काही भिंतीवरच चपटे होऊन पडून राहतात..." पारावरच्या म्हाताऱ्यांवाणी, म्हटलं. "...आणि काही स्वतःच बांधलेल्या भिंतीत अडकतात. वर्षानुवर्षं. एका खोलीत एक."

लेकराचं घर बांधता बांधता आपनच आत राह्यली... हे तं मीच, बाई!

"पण त्या अडकलेल्या पेशी एकट्या नसतात," डॉक्टरीन म्हने. "बारीक नळ्यांतून हात लांब करून शेजारणीला धरून असतात. हाडावर भार पडला की त्याच निरोप देतात, बांधा. भार पडला नाही की, खाऊन टाका, याची गरज नाही."

म्हंजे पाहा आता! झोळी ठेवली तं मानसं येतात अन् हाड जाते. झोळी काढली तं हाड राहाते अन् मानसं जातात! करा काय करता!

काढली बाप्पा. वंदना किती खूश झाली, "मावशी, हात बरा झाला!" दुसऱ्या दिवशी फनी घेऊन ओट्यावर बसली मी. नऊ वाजले, दहा वाजले. शेवटी माझी मीच घातली वेनी. चांगली जमली, त्याचंच वाईट वाटलं. सोजराबाई रस्त्यातूनच म्हनते, "बरं हाय ना?" अन् मी हो म्हनाच्या आधी पुढं! हर्षलचा फोन आता रविवारी, ते बी "आई, घाईत हाय." हाडातल्या पेशीले शेजारीन हाय, अन् मले भरल्या गावात...! हात बरा झाला, हेच दुखनं!

म्हनून ही थैली. दोन किलो वांगे हायत. डॉक्टरीन रोज वजन उचला म्हने ना? मंग सुलतानपूरहून इथवर ह्याच हातात धरून आनते, आठवड्यातून दोनदा, एसटीत बी खाली ठेवत नाही. इथं बाकावर कसं, कोनी ना कोनी बाजूले बसतेच, अन् नंबर येयेपर्यंत उठून बी जात नाही...

तुमाले हाक मारली वाटते. जा, जा. हे चार वांगे ठेवा. काय म्हनता? माझा नंबर कितवा? नाही वं माय, मले कुठला नंबर... हात बरा झाला ना माझा!