आईची टोपी बाहुलीवरून काढल्याबाबत

मी, येवेट कोस्सेक, वय ६१ वर्षे, काम घर सांभाळणे, राहणार चर्चमागची गल्ली, पाँ-लाबे, ब्रिटनी. ठाण्यात समक्ष हजर राहून सांगते की,

माझी आई कातरीन, वय ८९, मंगळवार दि. १४ जून १९९४ रोजी पहाटे वारली. उद्या शुक्रवारी सकाळी दहाला तिला माती द्यायची आहे. तिने स्वतः भरतकाम केलेली लेसची उंच टोपी त्या दिवसासाठी जपली होती. डॉक्टरांनी आशा सोडली तेव्हा, ८ तारखेला, मी ती खळ आणि इस्त्रीसाठी ओडिल गारेक हिच्या दुकानात दिली.

आज बाजाराच्या दिवशी सव्वादहाला टोपी आणायला गेले. ती दारातल्या लाकडी बाहुलीच्या डोक्यावर होती. गळ्यात चिठ्ठी, 'अस्सल जुनी, ९०० फ्रँक'. बसने आलेले पर्यटक तिच्या शेजारी उभे राहून फोटो काढत होते. डाव्या फितीवर मसुराएवढा जळका डाग पाहून मी खात्री केली. अठ्ठावन्न सालच्या जत्रेत, मिरवणुकीत, तिथे माझ्या हातातली मेणबत्ती लागली होती. आई तेव्हा रागावली नव्हती.

मी म्हणाले, "ओडिल, ही खाली काढ."

ती म्हणाली, "थांब गं, एक बाई पैसे आणायला गेल्यात. आईची रोजची टोपी आहे ना घरात? तीच घाल. पेटीचं झाकण लागल्यावर कोण बघतंय?"

"देव बघतो. तो कामात असला तर मी आहे."

"देवाला लेस कळते होय गं?"

मी टोपी काढली. बाहुली पडली, तिच्याखालचे चिनी मातीचे सहा वाडगे फुटले. बाहुली मी ढकलली नाही. पण पडल्यावर मला वाईट वाटले नाही, हेही लिहावे.

ओडिलने विकलेला माल चोरला अशी तक्रार दिली आहे. वाडग्यांची भरपाई मी देईन. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत टोपी ठाण्यात जमा करा, असे मला सांगण्यात आले. ती माझ्या मांडीवर आहे. उद्या दहापर्यंत मी ती कोणाला देणार नाही. नंतर ती कुठे असेल ते सर्वांना माहीत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. 'जुनी टोपी' असे लिहिले होते, तिथे 'आईची टोपी' करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे.