सासूबाईंचा पितळी डबा

हैदराबाद राज्य तीन भागांत वाटलं जाणार, हे ठरलं त्या वर्षीची गोष्ट. गंडीपेटचा तलाव बघून परतणाऱ्या बसमध्ये भागूबाईंच्या पुढच्या बाकावर दोन मैत्रिणी बसल्या होत्या. भागूबाईंनी आपला कान तिकडेच ठेवला होता.

"तारे, माझा डबा दे बघू. आता कोठीला उतरशील, आणि परवा तुझं बिऱ्हाड औरंगाबादला."

"रिकामा डबा परत करू? आमच्यात तशी रीत नाही, सखू. गोड काहीतरी घालूनच देईन."

"कधी?"

"दिवाळीला. स्वतः घेऊन येईन."

"नक्को गं बाई! सासूबाईंचा डबा तो, घर डोक्यावर घेतील."

"बांधावर बसून पुऱ्या हाणताना नाही आठवल्या सासूबाई?"

"आणि तू मेली पाण्यात पाय सोडून गाणी म्हणत होतीस. मला वाटलं, हिला जायचं काहीच वाटत नाही."

"वाटतं, म्हणून तर डबा देत नाही."

"कोठीऽऽ!" कंडक्टर ओरडला.

"थांब तारे, झाकण इकडे दे."

"हौ! बिनझाकणाचा डबा घेऊन काय करू मी?"

"दिवाळीला आण. तेव्हा लावू झाकण."

"आणि सासूबाईंना काय सांगशील?"

"सांगेन, सगळीकडे वाटण्या चालल्यात, आपल्या डब्याचीही झाली."