साडेनऊचं ॲव्हरेज

नाही हो साहेब, ॲव्हरेजच बघायचं होतं तर ही गाडी घ्यायचीच नव्हती — आणि जरा मोठ्याने बोला, तो कॉम्प्रेसर चालू आहे तोवर माझं मलाच ऐकू येत नाही. हवा भरली की आपोआप थांबतो तो. हां, तर काय — कार्ब्युरेटर काढून इंजेक्शन बसवलं तर लिटरला किती देईल? आत्ता किती देते? सहा? डॉक्टरपासून आणि मिस्त्रीपासून काही लपवू नये, साहेब. साडेचार. बघा, आलात ना खाली. रोटरी इंजिन आहे हे. पिस्टन नाही, वर-खाली काही नाही, आत तिकोनी रोटर गरगर फिरतो आणि फुकटच्या जेवणावळीला बसल्यासारखा पेट्रोल ओढतो. त्यात हा असला कार्ब्युरेटर! कोणी बसवला तेही सांगतो. हे जेट बघा, पेट्रोल सुटतं ते भोक, हाताने घासून मोठं केलंय, कडेला तिरकी रेघ दिसते? ती आमच्या म्हाताऱ्याची सही. पिताश्री आमचे. तेच ते, मागे स्टुलावर बसलेत, ट्रेमध्ये नटबोल्ट धुतायत — नाही, त्यांना कशाला हाक मारताय? ते आता गाडीला हात लावत नाहीत. माझ्याशी बोला.

तीस वर्षं हेच केलं त्यांनी. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला, मूठ कानाला, डोळे मिटलेले — आणि गिऱ्हाईक हात जोडून उभं, जणू देवच बोलणार आहे. 'पोट भरलंय हिचं', 'उपाशी आहे ही', असलं काहीतरी बोलायचं आणि स्क्रू पाव फेरा फिरवायचा. आकडा विचारला की राग. मी कॉलेज तिसऱ्या वर्षाला सोडलं — का सोडलं म्हणजे? तिथले सर फळ्यावर इंजिन काढायचे, बोटाला कधी ग्रीस लागलेलं नाही, आणि आम्हाला शिकवणार! तिथून निघालो तर इथे हे, बोटं काळीकुट्ट आणि कागदाशी उभं वैर. आगीतून फुफाट्यात. मोठ्या माणसांचं एक बरं असतं बघा, चुकले तर अनुभव, आम्ही चुकलो तर माज. मी लॅपटॉप आणला तर म्हणतात, "त्याला भूक लागते का रे? मग इंजिनाच्या भुकेचं त्याला काय कळणार?" आणि दुकानातली सगळी माणसं फिदीफिदी. चहावाल्यासकट.

मग मीही इरेला पेटलो. मामाची गाडी होती, अशीच, अगदी हीच, यांनीच वीस वर्षांपूर्वी कार्ब्युरेटर चढवलेली. पाच द्यायची लिटरला. मामाला पटवलं, तीन आठवडे घासलो, इंजेक्शन बसवलं, मिश्रण इतकं पातळ बांधलं, हवा जास्त आणि पेट्रोल कमी, की एक थेंब वाया जाणार नाही. टाकी काठोकाठ भरली, हायवेला गेलो, आलो, पुन्हा काठोकाठ भरली. साडेनऊ! साहेब, साडेनऊ! जवळजवळ दुप्पट! पावती यांच्या नाकासमोर धरली. बघितली. "बरं," म्हणाले, आणि जेवायला गेले. बरं! तीन आठवड्यांचं 'बरं'! एखाद्याने शिवी दिली असती तर परवडलं असतं.

ती गाडी? ती... नाही, ती आता नाही इथे. ते सोडा. तुमचं काय — टाकीत तेल? हो, पेट्रोल भरताना मापभर तेल ओतायचं हे आधीच्या मालकाने सांगितलंय ना, ते बरोबर आहे. नाही, इंजेक्शन लावलं म्हणून ते बंद करायचं नाही! कोण म्हणालं? मी? मी तुम्हाला कधी म्हणालो? ... मामाला म्हणालो होतो. तुम्हाला कोणी सांगितलं ते? बरं, ऐका. रोटरच्या टोकांना सील असतात, बोटाएवढ्या लोखंडी कांबी. त्यांना तेल लागतं, सतत. त्यासाठी कंपनीचा छोटा पंप असतो. पण कार्ब्युरेटर चढवताना म्हातारा त्या पंपाचं तोंड पट्टी मारून बंद करतो आणि तेल टाकीत ओतायला लावतो — म्हणतो, पंप कधी दगा देईल सांगता येत नाही, हाताने ओतलेलं तेल दगा देत नाही. अडाणीपणा, मी म्हणायचो. आणि तेलाचा धूर माझ्या सेन्सरला चालत नव्हता, आकडा खाली यायचा. म्हणून मामाला म्हटलं, आठवडाभर तेल नको, टेस्ट होऊ दे. मग पट्टी काढतो, पंप चालू करतो.

राहिलं. साडेनऊ आला, मी चार जणांना पावती दाखवत फिरलो, आणि राहिलं. मामा अकराशे किलोमीटर फिरला. तेलाचा थेंब नाही, कोरडं इंजिन. वर माझं पातळ मिश्रण, इंजिन आणखी तापवणारं. सील तुटून आतलं सगळं खरवडून गेलं. मामाने त्या गाडीसाठी वीस वर्षं दुसरी गाडी घेतली नव्हती. इथेच उभा राहून ओरडला, माझ्यावर नाही, यांच्यावर, दुकान यांचं ना! यांनी पंप उघडून पट्टी बघितली, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "पट्टी काढायला विसरू नको म्हणून मी तुला सांगितलं नव्हतं का रे?"

मी म्हटलं, नाही.

सांगितलं होतं! ताटावर बसून सांगितलं होतं, हातात घास होता, आईसुद्धा तिथेच वाढत होती. मी 'हो हो' म्हटलं होतं, फोनमध्ये बघत. आणि मामासमोर म्हटलं, नाही. यांनी भांडावं ना! म्हणावं, खोटारड्या, सांगितलं होतं! तर म्हणाले, "माझंच चुकलं, वय झालं, डोक्यात राहत नाही." झालं. त्या दिवसापासून स्क्रूड्रायव्हर ठेवला खाली. खिशात वही घालून फिरतात, गोळी घेतली, कुलूप लावलं, सगळं लिहून ठेवतात. परवा डॉक्टरकडे जाऊन आले, विस्मरणाची तपासणी! काही सापडलं नाही तर म्हणतात, सुरुवात असेल. चांगली ठणठणीत स्मरणशक्ती माणसाची, तीस वर्षांपूर्वीचं जेट ओळखतात, आणि एका शब्दावर — माझ्या एका शब्दावर — कसला बाप आहे हा? स्वतःच्या डोक्यापेक्षा पोराच्या थोबाडावर विश्वास ठेवतो? मला राग कशाचा येतो ठाऊक आहे? रोज सकाळी मला विचारतात, "आज काही विसरलो तर नाही ना रे मी?" आणि मी —

काय? मागे काय बघताय?

कॉम्प्रेसर... हा कधी थांबला? कधीचा थांबलाय हा? आणि मी एवढा बोंबलतोय! तुम्ही सांगायचं नाही का, साहेब? हातवारे तरी करायचे!

...बाबा.

साहेब, तुम्ही निघा. गाडी राहू दे. नाही, आज आकडा सांगत नाही, उद्याही नाही. किल्ली तिथे ठेवा. इथे नको, माझ्याकडे नको — त्यांच्याकडे द्या.